‘हात जपा’ म्हणजे किती दिवस?

कोथरूडच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. त्यांचं वय ५२, मिसेस ४७ वर्षांच्या, शाळेत शिक्षिका. स्तनाच्या कॅन्सरसाठी डावा स्तन आणि काखेतल्या गाठी काढून, चौथ्या दिवशी दोन ड्रेनसकट (जखमेतलं पाणी बाहेर ओढणाऱ्या नळी-बाटल्या) त्या घरी आल्या आहेत. घरात ७८ वर्षांची आई, बारावीतली मुलगी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ते लिहितात: “मी तीन आठवड्यांची रजा टाकली आहे. हिला चहाचा कपसुद्धा उचलू देत नाही. पण ही नीट बोलत नाही, ड्रेसिंगच्या वेळी मला बाहेर पाठवते, वर ‘तुम्ही ऑफिसला जा’ म्हणते. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आहे. पाच आठवड्यांवर गणपती-गौरी आल्या. ती कधी पूर्वीसारखी होईल? तिची अ‍ॅक्टिव्हा कधी चालवू शकेल? माझं काय चुकतंय?”

मी पुण्यात २३ वर्षं सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर आहे, त्यातली शेवटची १२ वर्षं स्तनाच्या ऑपरेशनच्या पेशंटबरोबरच. तुमच्या लिहिण्यात मला एकच गोष्ट खटकली, तो कप. बाकीचं सगळं सांगते, पण आधी कपाचं.

कप त्यांना उचलू द्या. डाव्या हाताने. आजच.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत डिस्चार्जच्या वेळी मी प्रत्येक नवऱ्याला एकच वाक्य सांगायचे, “हात जपा हं त्यांचा.” हडपसरकडच्या एका गृहस्थांनी तो शब्द अक्षरशः पाळला. बायकोला घास भरवले, वेणी घालून दिली, झोपताना हात उशीवर ठेवला तो सकाळपर्यंत हलू दिला नाही. तिचं किमो आधीच झालेलं होतं, त्यामुळे ऑपरेशननंतर थेट रेडिएशन, म्हणजे बऱ्याच घरांत ज्याला शेक म्हणतात ते. सहा आठवड्यांनी प्लॅनिंगला गेली तर हात खांद्याच्या वर जाईना. रेडिएशनच्या टेबलावर हात डोक्याच्या वर नेऊन ठेवावा लागतो आणि रोज तसाच स्थिर राहावा लागतो, नाहीतर किरण नेमके हवे तिथे देता येत नाहीत. तीन आठवडे फिजिओथेरपी करून हात वर आला, मग शेक सुरू झाला. ते गृहस्थ मला भेटायला आले आणि शांतपणे म्हणाले, “सिस्टर, तुम्हीच सांगितलं होतं जपा म्हणून.” सांगितलं होतंच की. फक्त कशापासून आणि किती दिवस, ते सांगायची राहिले होते.

तर कशापासून ते ऐका. वजनापासून, हिसक्यापासून, भाजण्या-कापण्यापासून. हलवण्यापासून नाही. पहिल्या आठवड्यापासूनच मूठ उघडणं-मिटणं, मनगट फिरवणं, कोपर वाकवणं, खांदे पुढे-मागे गोल फिरवणं, स्वतःच्या हाताने केस विंचरणं चालतं आणि करायलाच हवं. ड्रेन आहेत तोवर हात खांद्याच्या उंचीपर्यंतच. ड्रेन निघाले आणि सर्जननी हो म्हटलं की पुढचा टप्पा: भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंतीवर चढत जायचं, मुंगी चढते तसं. जिथे ओढ लागते तिथे थांबायचं, चार-पाच श्वास घ्यायचे, सावकाश उतरायचं. घरात कालनिर्णय टांगलेलं असेल त्याच्या शेजारी पेन्सिलने खूण करा आणि तारीख टाका. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी पाच-सहादा. ओढ लागली पाहिजे, कळ येता कामा नये. पेनकिलरची गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने केलं तर सोपं जातं. पाठीवर झोपून दोन्ही हातांत छत्री आडवी धरून डोक्याकडे न्यायची, हा दुसरा व्यायाम. त्यात चांगला हात आजारी हाताला घेऊन जातो. (पोटाच्या किंवा पाठीच्या मांसाने स्तन पुन्हा बनवला असेल तर हे नियम वेगळे, ते सर्जनकडूनच घ्यायचे. तुमच्या लिहिण्यात तसं काही नाही म्हणून सरळ सांगतेय.)

वजनाचं सांगायचं तर पहिले काही आठवडे डाव्या हातात दोन किलोच्या वर काही नको. भरलेली बादली, पाच लिटरचा कुकर, ओले कपडे पिळणं, गादी ओढणं हे सगळं तुमच्याकडे. कणीक मळणं महिनाभर नको, नंतर चालेल, उलट बरंच. कमोडवरून किंवा पलंगावरून उठताना डाव्या हातावर जोर येतो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. खाली गादी घालून झोपायची सवय असेल तर सध्या पलंग. झोप पाठीवर, डाव्या हाताखाली उशी.

तिसऱ्या मजल्याची काळजी सोडा. ऑपरेशन छातीचं झालंय, पाय शाबूत आहेत. जिने चढ-उतार करायला हरकत नाही, फक्त कठडा उजव्या हाताला येईल असं बघा आणि मध्ये थांबू द्या.

आता ड्रेन. पेटीच्या भात्यासारख्या चुण्या असलेली ती बाटली दाबलेली असते तोवर आतलं पाणी ओढत राहते. बाटली फुगून मोठी झाली की ओढ संपली, मग ती रिकामी करून पुन्हा दाबायची. रोज एकाच वेळी मोजा, समजा सकाळी आठ. हात साबणाने धुवायचे, नळीची क्लिप बंद करायची, झाकण उघडून मापाच्या भांड्यात ओतायचं, आकडा बघायचा, बाटली पूर्ण दाबून धरून झाकण लावायचं आणि मग क्लिप उघडायची. शेवटची पायरी विसरणारे निम्मे असतात. क्लिप बंदच राहिली तर आकडा शून्य येतो, घरात आनंदीआनंद होतो आणि आत छातीत पाणी साचतं. दोन ड्रेनना एक आणि दोन असे नंबर द्या आणि आकडे वेगवेगळे लिहा. छातीचा आधी आटतो, काखेचा रेंगाळतो. पहिल्यांदा रंग कोकम सरबतासारखा, मग फिकट गुलाबी, मग पिवळसर. बहुतेक सर्जन २४ तासांत ३० मिलीच्या खाली आकडा आला, आणि तो एक-दोन दिवस टिकला, की त्या बाजूचा ड्रेन काढतात. कुणाचा आठवड्यात निघतो, कुणाचा तीन आठवडे राहतो. शेजारच्या काकूंचा पाचव्या दिवशी निघाला होता, ही माहिती घरात कुणी देऊ नये.

बाटल्या लोंबकळत ठेवू नका, टाक्यांना ओढ बसते. जुन्या सुती ओढणीची, खांद्यावरून आडवी घालता येईल अशी छोटी झोळी शिवून घ्या. तुमच्या आई ७८ वर्षांच्या आहेत ना? त्यांच्याकडून शिवून घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ‘तुम्ही बसा’ सांगितलं की ते माणूस दिवसभर काळजी करत बसतं; सुई-दोरा दिला तर एक दुपार बरी जाते. कपड्यांचंही तसंच. डोक्यावरून घालायचा गाऊन महिनाभर नको, पुढून पूर्ण बटणांचा हवा. तुळशीबागेत मिळतो. नाहीतर तुमचे जुने शर्ट आहेतच. मंगळसूत्र टाक्यांवर घासत असेल तर काढून ठेवू द्या, त्यात कुणी काही वाचू नये. डाव्या हातातल्या घट्ट बांगड्या आणि अंगठी मात्र सैल असतानाच काढा.

ताबडतोब हॉस्पिटल गाठायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या रात्री दोनला झाल्या तरी सकाळची वाट बघायची नाही. बाटली भराभर लालभडक भरायला लागली किंवा छातीचा भाग फुगून ताणला गेला. ताप १००.४ च्या वर. जखमेभोवती लाली पसरते आहे, गरम लागतंय, वास येतोय. पोटरी एकाच बाजूची सुजली, दुखते आहे, किंवा अचानक धाप लागली. हे सोडून काखेत बधिरपणा, दंडाच्या आतल्या बाजूला मुंग्या, नसलेल्या स्तनाला खाज सुटल्याचा भास, हे होतं. त्या भासाबद्दल बायका सांगत नाहीत, वेडात काढतील म्हणून. तुम्ही आधीच सांगून ठेवा की असं होतं म्हणे. ड्रेन निघाल्यावर पाणी पुन्हा साचून छाती किंवा काख डबडबल्यासारखी वाटली तर ओपीडीत सुईने काढतात. तो भाग बधिर असल्यामुळे फारसं दुखतही नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात. भाताने पू होत नाही. दही, लिंबू, टोमॅटो, काही वर्ज्य नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात: डाळ, उसळ, अंडी, पनीर, मासे खात असाल तर मासे. दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट बांधतं, तेव्हा पाणी, पपई, गरज पडली तर इसबगोल. जखमेवर हळद, तूप, कुणी दिलेलं तेल, काहीही नाही. डायबिटीस असेल तर साखर रोज तपासा.

आता ते ड्रेसिंगचं, जे तुम्हाला लागलंय.

त्या तुम्हाला बाहेर पाठवतात यात तुमच्यावर राग नाही. त्यांनी स्वतः अजून बघितलेलं नसण्याचीच शक्यता जास्त. पुष्कळ जणी ड्रेसिंग होताना छताकडे बघत असतात, मी रोज बघते ते. स्वतः बघण्याआधी दुसऱ्याने बघितलेलं कुणाला चालेल? तुम्ही एवढंच म्हणा, “मला बघायचंय, पण तू म्हणशील तेव्हा.” एकदाच म्हणा. त्यानंतर तो विषय त्यांचा. आणि दोन वाक्यं तोंडातून जाऊ देऊ नका. एक, “मला काही फरक पडत नाही.” त्यांना पडलाय ना. दुसरं, “जीव वाचला ना, बास.” खरं आहे, पण या वाक्यानंतर समोरच्या माणसाला रडायची सोय उरत नाही.

एक पीएमटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर होते. बायको नऊ दिवस आरशासमोर गेली नव्हती, न्हाणीघरातल्या आरशावर टॉवेल टाकून ठेवायची. टाके बघायला दोघं ओपीडीत आले, मी पट्टी काढली. बाईंनी नवऱ्याचा मनगटाचा भाग इतका घट्ट धरला होता की नखं उमटली. ते खाली वाकले, चष्मा वर केला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निरखून बघितलं आणि म्हणाले, “लाइन सरळ आलीये गं. तुझ्या ब्लाउजवाल्याला जमली नसती.” ती बाई हसली, मग रडली, मग आरसा मागितला. आता तुम्ही घरी जाऊन हे वाक्य म्हणू नका, ते त्यांचं होतं. पण त्यांनी नजर चुकवली नाही, एवढं लक्षात ठेवा. व्रण पहिल्यांदा लाल आणि उंचवट्याचा दिसतो. काही महिन्यांत, कुणाला वर्षही लागतं, फिकट आणि सपाट होतो.

भेटायला येणाऱ्यांचा बंदोबस्त हे मात्र शंभर टक्के तुमचं काम. बाईमाणसाने “आत्ता येऊ नका” म्हटलं तर तिच्या नावावर लागतं, पुरुषाने म्हटलं तर “बिचारा किती करतोय” होतं. अन्याय आहे, पण सध्या त्याचा फायदा घ्या. फॅमिली ग्रुपवर टाका: संध्याकाळी पाच ते सहा, पंधरा मिनिटं, आधी फोन करून. एक ते चार बेल बंद. पुण्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ‘कितवी स्टेज?’ याचं उत्तर घरातल्या सगळ्यांनी एकच द्यायचं: “डॉक्टर बघतायत.” आणि ज्या मावशी दुसऱ्या कुणाच्या मावशीची गोष्ट सांगायला लागतील त्यांना चहा स्वयंपाकघरात द्या. ज्यांना खरंच काही करायचंय त्यांना काम सांगा. डबा, मुलीला क्लासला सोडणं, आईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणं.

मुलीपासून लपवताय का ते लिहिलेलं नाही. बारावीची आहे, तिला कळलेलंच असतं. कुणी नीट सांगितलं नाही तर ती रात्री मोबाइलवर बघते, आणि तिथे जे बघते ते तुम्ही सांगणार त्याहून भयंकर असतं.

रिपोर्टचे दिवस वाईट असतात. काढलेला भाग तपासून यायला आठ-पंधरा दिवस जातात. त्यात ईआर, पीआर आणि हर-टू असे तीन शब्द असतील, पुढची औषधं त्यावर ठरतात. हर-टू ‘दोन प्लस’ आलं तर ते ना हो ना नाही. मग फिश नावाची आणखी एक चाचणी पाठवतात आणि आणखी काही दिवस जातात. याचा अर्थ काही बिघडलं असा नाही. या काळात तुम्ही फाइल सांभाळा: रिपोर्ट तारखेप्रमाणे, बिलं वेगळी, डिस्चार्ज कार्डाच्या तीन झेरॉक्स. मेडिक्लेम असेल तर डिस्चार्जनंतरचा खर्च किती दिवसांपर्यंत मिळतो ते पॉलिसीत आत्ताच वाचा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किमो आणि रेडिएशनही बसतं, पण ते उपचार सुरू व्हायच्या आधी विचारायचं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथे जा. ओपीडीत मात्र फाइल तुमच्या हातात आणि तोंड त्यांचं. डॉक्टरांनी “कसं वाटतंय?” विचारल्यावर नवऱ्याने उत्तर द्यायचं, हे मी रोज बघते आणि रोज वैतागते. वर्गात पन्नास मुलांना शिकवणाऱ्या बाईला स्वतःचं दुखणं सांगता येतं.

तुमच्या नातेवाइकांपैकी कुणीतरी म्हणेलच, “अमकीचा नुसता तुकडा काढला, हिचा पूर्ण का?” किंवा उलट, “दुसऱ्या बाजूचाही काढून टाकायचा ना.” अमेरिकेत आणि इटलीत हजारो बायकांवर २० वर्षं लक्ष ठेवून २००२ साली निष्कर्ष आले, की लहान गाठीला तेवढाच भाग काढून शेक दिला काय आणि पूर्ण स्तन काढला काय, जगण्याचं प्रमाण सारखंच. कुणाला काय करायचं ते गाठीचा आकार, जागा, संख्या आणि शेक देता येतो का यावरून ठरतं. तुमचं ठरून झालंय. दिवाणखान्यात त्याची फेरतपासणी नको.

आणि आता गणपती.

पाच आठवडे म्हणजे बरोब्बर तो काळ, ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती असते. पहिले पंधरा दिवस सगळे नवरे उत्तम वागतात, खोटं नाही सांगत. ड्रेन असतो, आकडे असतात, काम दिसतं. एक इंजिनिअर गृहस्थ तर ग्राफ काढून घेऊन आले होते, दोन रंगांत. मग ड्रेन निघतो, टाके सुकतात, रजा संपते, डबे बंद होतात, आणि घराला वाटतं, झालं. नेमका तेव्हा त्यांना धक्का जाणवायला लागतो. आत्तापर्यंत वेळच नव्हता. सहाव्या आठवड्यात बाई भांडी घासता घासता रडते आणि नवरा म्हणतो, “आता काय झालं? आता तर सगळं छान चाललंय.” तुमच्या तीन आठवड्यांतली एक आठवड्याची रजा परत करून ती तेव्हासाठी ठेवता आली तर ठेवा. त्या आत्ता ‘ऑफिसला जा’ म्हणतात, ते अर्धं मनापासून आहे. दिवसभर कुणी आपल्याकडे बघत बसलेलं माणसाला सोसत नाही.

पाचव्या आठवड्यात किमो सुरू झालेलं असू शकतं. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी उतरतात, त्या दिवसांत गर्दी नको, ताप आला तर थेट हॉस्पिटल. म्हणजे हळदी-कुंकवाला साठ बायका घरात, हे यंदा तारखा बघून ठरवा. पण गौरी बसवायच्याच नाहीत, असा निर्णय तुम्ही आणि आईंनी परस्पर घेऊ नका. त्यांना विचारा. एक जण म्हणते नको, दुसरी म्हणते एवढं तरी मला करू द्या. करायचं असेल तर त्या खुर्चीवर बसून सांगतील आणि तुम्ही, मुलगी मांडाल. गौरीला साडी नेसवायला हात वर जातो, तो व्यायामच झाला. मोदक वळायलाही हरकत नाही, बोटांना चांगलंच. फक्त गरम उकड मळायची दुसऱ्या कुणीतरी. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला पाणी वाहून न्यायचा रस्ता कमी झालेला असतो. भाजलं, चिरलं की तो हात पटकन सुजतो आणि जंतू पसरतात. तीच गोष्ट तव्याच्या कडेची, कुंडीतल्या गुलाबाच्या काट्याची, डासांची. कापलंच तर लगेच साबणाने धुवा, मलम लावा. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. रक्त काढायला, सलाइनला, बीपीला शक्य तोवर उजवा हात पुढे करायचा. दंडाची आतली बाजू बधिर आहे, तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजलेलं कळणार नाही.

हात सुजणं महिन्यांनी होतं, वर्षांनीही होतं. म्हणून आत्ताच शिंप्याची टेप घ्या आणि दोन्ही हात मोजून ठेवा: मनगट, कोपराच्या दहा सेंटिमीटर खाली, दहा सेंटिमीटर वर. दर महिन्याला त्याच जागी मोजा. दोन हातांतला फरक पहिल्यापेक्षा दोन सेंटिमीटरने वाढला, किंवा हात जड वाटतो, बांगडी रुतते असं त्या म्हणाल्या, तर दाखवा. लवकर दाखवलं तर पट्ट्या, स्लीव्ह, मसाज यांनी आटोक्यात राहतो. काही आठवड्यांनी काखेतून कोपराकडे जाणारी ताणलेली दोरी हाताला लागेल कदाचित. ती बघून दोघांचीही झोप उडते. नवीन गाठ नसते ती, फिजिओथेरपीने सुटते.

ज्या प्रश्नासाठी नवरे जाता जाता दाराशी घुटमळतात आणि विचारत नाहीत, तो तुम्हीही विचारलेला नाही. जखम भरल्यावर जवळ यायला वैद्यकीय आडकाठी नाही. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. वेळ त्या ठरवतील. पण “तिला त्रास नको” म्हणून हॉलमध्ये झोपायला गेलेले नवरे मी फार बघितलेत. आत पडलेल्या बाईला त्याचा एकच अर्थ लागतो. जायचंच असेल तर कारण तोंडाने सांगा आणि परत कधी येणार तेही. सध्या त्यांच्या उजव्या बाजूला झोपा, म्हणजे हात धरता येतो आणि कोपर लागत नाही. किमोच्या काळात गर्भ राहता कामा नये. ४७ व्या वर्षीही राहू शकतो. हार्मोनच्या गोळ्या चालणार नाहीत, कंडोम किंवा कॉपर टी. पुढे टॅमॉक्सिफेन, म्हणजे कॅन्सरवरचा हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी, सुरू झालं तर ते पाच ते दहा वर्षं असतं. अंगातून वाफा निघतात, कोरडेपणा येतो, चिडचिड होते. त्यावर उपाय आहेत, आणि ते सांगायला आम्ही लाजत नाही, तुम्ही विचारायला लाजता. दोन आठवड्यांच्या वर झोप नाही, कशात मन नाही, असं झालं तर मानसोपचार डॉक्टर. त्यांना टॅमॉक्सिफेनचं आवर्जून सांगा, कारण डिप्रेशनच्या काही गोळ्या त्याचा परिणाम कमी करतात, त्यांच्याऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या असतात.

शाळेत जाण्याआधी ब्राचा प्रश्न येईल. पहिले सहा-आठ आठवडे सुती, हलकं, मऊ भरण. जखम पक्की झाल्यावर सिलिकॉनचं, ते वजनाला दुसऱ्या बाजूइतकं असतं म्हणून खांदा कलत नाही. डावी बाजू म्हणजे साडीला पदराचा आडोसा मिळतो, पिन मात्र खांद्यावर टोचते, तिथे आतून मऊ कापड लावा. दुकानात तुम्ही बरोबर जायचं की बहीण, ते त्यांना विचारा. बहिणीचं निघालंच म्हणून: त्यांच्या सख्ख्या बहिणी असतील तर त्यांची तपासणी राहिली आहे का ते बघा. आणि आई-मावशीकडे कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर जीन तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. मुलीच्या दृष्टीने ते महत्त्वाचं.

तुम्ही स्वतः सकाळी अर्धा तास बाहेर पडा. तळजाईला जा, नुसते कट्ट्यावर बसा. घरात दोन माणसं आजारी नकोत.

राहिली अ‍ॅक्टिव्हा. साधारण सहा आठवड्यांच्या आत नाही, आणि सर्जन किंवा फिजिओने हात बघून हो म्हटल्याशिवाय नाही. शिवाय किमोनंतरच्या चक्करीच्या दिवसांत नाही. तोवर रिक्षा किंवा कार. कारमध्ये पट्टा आणि छाती यांच्यामध्ये छोटी उशी ठेवा, म्हणजे आपल्या रस्त्यांवरचे स्पीडब्रेकर सोसतात. अ‍ॅक्टिव्हावर आपण जास्त करून डावाच ब्रेक दाबतो, आणि ऑपरेशन डाव्या बाजूचंच आहे. म्हणून पहिल्यांदा गाडी बंद ठेवून, पार्किंगमध्येच: बसायचं, दोन्ही ब्रेक कचकन दाबायचे, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवायचं. काखेत कळ आली तर अजून दहा दिवस. नाही आली तर सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या, मग रविवारी सकाळी सातला गल्लीच्या टोकापर्यंत. किल्ली लपवू नका. मागे दुसऱ्या गाडीवर राखण करत जाऊ नका. गेलातच तर त्यांना आरशात दिसणार नाही इतके मागे राहा. मेन स्टँडला गाडी लावायचा हिसका मात्र तीन-चार महिने त्यांना नको. ते तुम्ही करत जा, त्याबद्दल त्या काही म्हणणार नाहीत.